नव्या तव्याचं घावन

भांडीकुंडी आपसात गप्पा मारायची, त्या काळी शेवंतीकाकूंच्या चुलीजवळ बिडाचा एक नवाकोरा तवा आला. शेजारीच जुना तवा होता, काळा कुळकुळीत.

"आजोबा, तुमच्यावरून घावन अख्खं कसं सुटतं? मला सांगा ना, मी लगेच करतो!" नव्या तव्याला दम निघत नव्हता.

"सांगून येत नाही रे ते," म्हातारा हसला.

त्याच सकाळी काकूंनी नव्यावर पीठ ओतलं. चर्र! घावन असं चिकटलं की उलथन्यानं खरवडावं लागलं. पुढचंही फाटलं. नवा तवा रडकुंडीला आला. "आता मला मोडीत घालणार!"

पण काकूंनी नारळाची शेंडी तेलात बुडवून त्याच्या अंगावर फिरवली आणि म्हणाल्या, "उद्या परत बघू."

मग रोज तेच. तापायचं, तेल प्यायचं, घावन फाडायचं. तव्याची चकाकी गेली, अंग काळं पडू लागलं.

आणि एका सकाळी पीठ पडलं, जाळी सुटली, कडा आपसूक उचलल्या आणि घावन अख्खं सुटलं!

"अगो बाई, सुटलं की!" काकू ओरडल्या.

"आजोबा, सुटलं! पण मी आज वेगळं काहीच केलं नाही!"



पुढं काकूंकडे आणखी एक कोरा तवा आला. आपल्या तव्यावरून अख्खं घावन सुटताना बघून त्यानं विचारलं, "दादा, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"फाटलेल्या घावनांनी! चल, तापायला लाग, आज तुझं पहिलं फाटणार!"