मैनाचा दम

फार पूर्वी गुराढोरांची कबड्डी नदीकाठच्या माळावर रंगायची. वरच्या आळीच्या संघात सातही पांढरेशुभ्र बैल होते. मैना म्हैस दरवर्षी फक्की टाकून मैदान आखायची आणि खेळाडूंना पाणी द्यायची.

एकदा तिने कप्तान हौशा बैलाला विचारलंच, "मला उतरवता का?"

"अगं, तू बाईमाणूस, त्यात कोळशासारखी काळी. संघाची शोभा जाईल ना!" हौशा हसला.

मैना पुन्हा फक्की टाकू लागली, पण तिने राग काही गिळला नाही.

अंतिम सामन्यात बैल शिंगं मिरवत चढाईला जात आणि अर्ध्यातच दम सुटून बाद होत. त्यात एकाचा पाय मुरगळला. बदली कुणीच नव्हतं. शेवटची चढाई उरली आणि जिंकायला दोन गुण हवे होते.

"आता तरी उतरू का?" मैनाने विचारलं. हौशाने खाली मान घालून वाट दिली.

तिने संथपणे "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. समोरचे तिचा दम तुटायची वाट बघत राहिले. पण लहानपणापासून डोहात नाक बुडवून बसणाऱ्या मैनाचा दम कसला तुटतोय! शेवटी कंटाळून ते अंगावर धावून आले. तिने तिघांना शिवलं आणि ती रेषेवर परतली.

पुढच्या वर्षी मैदान आखत होता हौशा.

"संघ कुठाय?" पाहुण्यांनी विचारलं.

त्याने शिंगाने डोह दाखवला. मैनासकट सगळे बुडी मारून दम वाढवत होते. पाण्यावर नुसते बुडबुडे येत होते. त्यातला काळीचा कुठला आणि पांढऱ्याचा कुठला, हे हौशालाही सांगता येईना.