खांबावरची भेग

भेगांना अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीवरच्या श्रीमंत वस्तीत एक बारा मजली इमारत होती. तिच्या तळमजल्यावर, लिफ्टसमोरच्या खांबावर एके सकाळी केसाएवढी भेग उमटली.

"रविवारी आमच्या मुलीला बघायला मंडळी येणार आहेत," सोसायटीचे चेअरमन धारवाडकर म्हणाले. "तेवढी ती भेग झाका." मग तिच्यावर सोनेरी चौकटीचा आरसा टांगला गेला.

"बाजूला हो रे," भेग आरशाला विनवू लागली. "मी इमारत पाडायला नाही, सांगायला आलेय. पाया खचतोय."

"लोक इथे स्वतःला बघायला थांबतात," आरसा हसला. "तुला कोण बघणार?"

मंडळी आली, आरशात केस सारखे करून वर गेली, लग्न ठरलं. भेग रोज बोटभर वाढत होती. आरशाच्या पाठीवर गार भुकटी झरू लागली, खांब आतून करकरू लागला, तसा आरसाही घाबरला. माणसांना हाक मारायचा त्याला एकच मार्ग ठाऊक होता. तो मधोमध तडकला.

"अगंबाई, फुटका आरसा! ऐन लग्नघरात अपशकुन!" धारवाडकरबाई किंचाळल्या. "कुणी त्यात तोंड बघू नका!"

सगळे पाठ फिरवून उभे राहिले. सुताराने आरसा उतरवला. "साहेब, मागे हात जाईल एवढी भेग…"

"आधी नवा लाव," पाठमोरे धारवाडकर म्हणाले.

नवा, मोठा आरसा लागला. धारवाडकर वळले. "अरे, वाकडा लावलायस. सरळ कर."

"आरसा खांबाच्या रेषेतच आहे, साहेब," सुतार म्हणाला, आणि हत्यारं तिथेच टाकून दाराकडे पळाला.