तपासणीची रांग

फार मागे, जनावरं सॉफ्टवेअर लिहीत होती त्या काळात, सरूबाई नावाच्या खारीने बाभळीवर कंपनी काढली. कुठल्या तळ्यात पाणी आहे, हे तिचा प्रोग्रॅम हरणांना सांगायचा. कामाला दोनच मुंग्या होत्या आणि त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ सरूबाई स्वतः तपासायची.

पुढे मुंग्या चार हजार झाल्या. तरी सरूबाई एकटीच तपासत राहिली. तपासून घ्यायला आलेल्या मुंग्यांची रांग टेकडीपलीकडे गेली. रांगेतच त्यांची लग्नं लागली, बारशी झाली.

एकदा खडकाचं तळं आटलं. प्रोग्रॅममध्ये तशी दुरुस्ती करून ती तपासून घ्यायला ठकी मुंगी नऊ दिवस रांगेत उभी होती. तोवर प्रोग्रॅमवर विसंबून तळ्यावर गेलेली हरणं तहानेने व्याकूळ होऊन बाभळीखाली येऊन पडली.

"तळं आटल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं?" सरूबाईने विचारलं.

"सगळ्यांना होतं, बाई. फक्त तुम्हाला नव्हतं," ठकी म्हणाली.

सरूबाईचा चेहरा पडला. "यापुढे पाण्याचं तूच बघ. मला विचारायचं नाही."

ठकीने लगेच हरणांना झऱ्याकडे पाठवलं. सरूबाई खाली उतरली आणि रांगेतल्या एकेकीला कामावर परत धाडत निघाली. तीन दिवसांनी ती टेकडीपलीकडे शेवटच्या मुंगीपाशी पोचली. त्या मुंगीने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"मध्ये घुसू नका, बाई," ती म्हणाली. "मागे उभ्या राहा."