जेवत नाही ती वायर

पिंपळदरी गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? कुणी त्याला "जरा थांब" म्हणालं, की तो थांबायचा. सांगणारा विसरून घरी जायचा, जेवून झोपायचा. सखाहरी तिथंच उभा.

तो तात्यांच्या मंगल कार्यालयात कामाला होता. तात्यांचा त्याच्यावर जीव होता आणि तात्यांचा घसाही त्याच्यामुळेच बसलेला होता.

त्या वर्षी तात्यांच्याच कल्याणीचं लग्न निघालं. तिचा भाऊ मकरंद जहाजावर नोकरीला. अकरा महिने झाले, पोरगा समुद्रावर. त्याला काही सुट्टी मिळेना. पण मुहूर्ताच्या वेळी अर्धा तास फोनवरून लग्न बघायची परवानगी मिळाली. त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, तेव्हाच जाहीर केलं, "माझ्या मकरंदानं अक्षता पडताना बघितल्या, की मगच मी उपास सोडीन. नाही बघितल्या तर नाही सोडणार."

मग काय, तात्यांनी कार्यालयात वाय-फाय बसवून घेतलं. छताला चार पांढरे डबे लागले. तालुक्याहून कुंदाताई आल्या होत्या. हे सगळं काम त्यांचंच. हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी सखाहरीला समजावून सांगितलं.

"ताई, या डब्यांना प्लग कुठाय?" सखाहरीनं विचारलं.

"यांना प्लग नसतो. ही एकच वायर. हिच्यातूनच डब्याला वीज जाते आणि हिच्यातूनच इंटरनेट जातं. म्हणजे असं समज, जेवण आणि निरोप एकाच वाटेनं."

मग त्यांनी त्याला ऑफिसच्या कपाटातली पेटी दाखवली. "हा आपला वाढपी. ज्या डब्याला इथून जेवण मिळतं, त्याच्या वायरीपाशी पिवळा दिवा लागतो. दिवा नाही म्हणजे डबा उपाशी. कळलं?"

"कळलं," सखाहरी म्हणाला. त्याला नेहमीच सगळं कळायचं.

थोड्या वेळानं तात्यांनी त्याच्याकडे जेवणाचा मोठा डबा दिला आणि एक चिठ्ठी दिली. "जानवशावर जा. वरमाईंना जेवण दे आणि निरोप दे."

सखाहरीनं विचार केला. जेवण आणि निरोप. वाट एकच. त्यानं आमटीचं झाकण उघडलं, चिठ्ठी आत सोडली, चांगली ढवळली आणि झाकण लावलं.

वरमाईंच्या वाटीत चिठ्ठी आली. त्यांना आधी ते तमालपत्र वाटलं. हळदीला चार वाजता या, असं त्यावर लिहिलेलं होतं. पण शाई आमटीत गेली होती. वरपक्ष साडेपाचला आला आणि तोंडं वाकडी करूनच आला.

"अरे, आमटीत चिठ्ठी?" तात्या ओरडले.

"कुंदाताईच म्हणाल्या," सखाहरी म्हणाला. तात्यांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात तिसरा डबा बंद पडला. दिवा होता, पण फोनला काही मिळेना. कुंदाताई म्हणाल्या, "अडकलाय तो. सखाहरी, पेटीतली त्याची वायर काढ, दहापर्यंत मोज आणि परत लाव. अडकलेलं सुटतं."

सखाहरीनं वायर काढली. दहा मोजले. लावली. डबा चालू झाला! सखाहरी हरखून गेला. एवढी साधी युक्ती आणि आपल्याला आजवर कुणी सांगितलीच नाही!

मांडवात दामुभटजी पुण्याहवाचन सांगत होते. वय झालेलं, एका ओळीवर अडकले. तीच ओळ दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. सखाहरी मागून आला आणि त्यानं भटजींच्या तोंडावर गच्च हात ठेवला.

"एक, दोन, तीन..."

भटजींचे डोळे पांढरे झाले. माणसं धावली. पण दहा होईपर्यंत सखाहरीनं हात काही काढला नाही. हात काढला आणि काय सांगावं, भटजींना पुढची ओळ आठवली! अर्थात ती म्हणायच्या आधी त्यांनी सखाहरीला जे ऐकवलं, ते कुठल्या पोथीत नाही. त्या दिवसापासून कुणी "एक, दोन" म्हटलं की भटजींचं तोंड आपोआप मिटायचं.

मग चौथ्या डब्याचा दिवा गेला. कुंदाताईंनी पेटी बघितली. फोटोवाल्यानं आपले दोन कॅमेरे तिथंच जोडून ठेवले होते.

"वाढप्याकडे अन्न मोजकंच असतं," ताई म्हणाल्या. "जास्त जण येऊन बसले की शेवटचा उपाशी राहतो. मग मधल्या दोघांना उठवायचं." त्यांनी कॅमेऱ्यांच्या वायरी काढल्या. चौथ्या डब्याचा दिवा लागला. काम संपलं म्हणून त्या तालुक्याला परत गेल्या. जाताना त्याला म्हणाल्या, "अडलं तर फोन कर."

संध्याकाळी हळदीची पंगत बसली. पुऱ्या कमी पडल्या. शेवटची चार पानं नुसती लोणच्याकडे बघत बसली. सखाहरीनं ते पाहिलं आणि तो पंगतीच्या मधोमध गेला. तिथं नवऱ्याचे मामा बसले होते. शेजारी मामी. मामांचा हात श्रीखंडात होता.

"उठा," सखाहरी म्हणाला.

"काय झालं?"

"तुम्ही दोघं उठलात की शेवटच्याला मिळेल."

मामा उठले. पण ते थेट बॅग भरायला गेले. त्यांना परत पानावर बसवताना तात्यांना चार वेळा वाकून नमस्कार करावा लागला. मग त्यांनी सखाहरीला कोपऱ्यात घेतलं.

"अरे शहाण्या! जेवत्या माणसाला पानावरून उठवतात का? उठवायचंच असेल तर जो जेवत नाही, नुसताच बसलाय, त्याला उठव!"

"बरं तात्या," सखाहरी म्हणाला. हे त्यानं अगदी मनात कोरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बारा एकवीसचा मुहूर्त. स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लावला होता आणि पडद्यावर मकरंद. दाढी वाढलेली, डोळे भरलेले. काकू सकाळपासून पाणीसुद्धा न घेता त्या पडद्यासमोर उभ्या. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली.

सखाहरीला तात्यांनी शेजारच्या ऑफिसात पेटीपाशी बसवलं होतं. दुसऱ्याच मंगलाष्टकाला मकरंदचं चित्र जरासं अडखळलं. तात्या दारातून ओरडले, "सखाहरी, बघ रे काय झालंय!"

सखाहरीनं पेटी बघितली. वायरी पाच. दिवे चार. चार डबे मजेत जेवत होते. पाचवी वायर खिडकीतून आत आलेली, जाडजूड, आणि तिच्यापाशी पिवळा दिवाच नाही. म्हणजे जेवत नाही. नुसतीच बसलीय!

"ऊठ," सखाहरी म्हणाला आणि त्यानं ती उपटली.

मकरंद गेला. पडदा काळा झाला. काकू मटकन खाली बसल्या. सखाहरीला फार वाईट वाटलं. त्यानं घाईघाईनं कुंदाताईंना फोन लावला.

"दिवे लागलेत का?" ताईंनी विचारलं.

"चारही लागलेत. सगळे पोटभर जेवतायत."

"मग तू काय केलंस?"

"जी जेवत नव्हती तिला उठवली."

"अरे देवा! ती बाहेरून येणारी वायर! सगळे निरोप तीच तर आणते! ती कशाला जेवेल? लाव परत!"

"लावतो. एक..."

"मोजू नकोस! नुसती लाव!"

"असं कसं ताई? तुम्हीच सांगितलंत. दोन..." सखाहरी मोठ्यानं मोजू लागला. आवाज दारातून थेट स्टेजवर गेला.

भटजी 'तदेव लग्नं' म्हणायला तोंड उघडत होते. "तीन, चार" कानावर पडलं आणि त्यांचं तोंड गपकन मिटलं. अंतरपाट जागच्या जागी राहिला. लोकांच्या मुठीत अक्षता राहिल्या. घड्याळात बारा एकवीस व्हायला आले. "आठ... नऊ... दहा!"

वायर बसली. पडदा उजळला. मकरंद आला. भटजींचं तोंड उघडलं, अंतरपाट सरला आणि अक्षता पडल्या. मकरंदनं त्या एकूण एक पाहिल्या. आईला हात केला. काकू हसत होत्या आणि रडत होत्या.

फोनवर कुंदाताई म्हणाल्या, "चालू झालं ना? आता मी पुन्हा फोन करून सांगेपर्यंत कशालाही हात लावू नकोस. कशालाही!"

"बरं ताई."

जेवणाची पंगत बसली. काकूंनी उपास सोडला आणि सखाहरीला मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं. पानात जिलबी वाढली. सखाहरी हात काखेत घालून नुसता बसला. सगळी पंगत जेवत होती. तोच तेवढा जेवत नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं, तसा तो उठला.

"कुठं निघालास?" तात्यांनी विचारलं.

"मी नुसताच बसलो होतो तात्या. म्हणून मला उठवलं."

काकूंनी त्याला ओढून खाली बसवलं. "जेव रे बाळा. आज तुझ्यामुळंच..."

"कुंदाताईंचा फोन आल्याशिवाय हात लावायचा नाहीये, काकू."

इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वरच्या खिशातून नाव दिसत होतं. कुंदाताई.

"अरे, घे की मग!" तात्या ओरडले.

सखाहरीनं आधी वाजणाऱ्या फोनकडे पाहिलं आणि मग जिलबीकडे. फोन वाजून वाजून बंद झाला. सखाहरीनं त्याला हात लावला नाही.