होडीतली जागा

सोनवळ संस्थानच्या दिवाणांनी फर्मान काढलं, जो नदीपलीकडे जन्मला तो परका, त्यानं चालतं व्हावं. पहिला निकाल लागला विणकर भागूबाईविरुद्ध. ती थेट महाराजांपुढे दाद मागायला गेली.

"दिलेला निकाल पुन्हा उघडत नसतो," दिवाण गुरकावले.

"नका उघडू. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून मी पलीकडे जन्मले. पण दिवाणसाहेब, घरात थोरले तुम्हीच ना? तुमच्या मातोश्रींचं माहेरही पलीकडचंच. होडीत तुमची जागा धरून ठेवते."

दिवाणांची मान खाली गेली. महाराज हसले. "माझीही धर, भागूबाई. मीही आजोळीच जन्मलो."

फर्मान रद्द झालं.

"महाराजांनी दया केली म्हणून राहिलीस," दिवाण पुटपुटले.

"आणि मी दाद मागितली म्हणून तुम्ही राहिलात," म्हणत भागूबाई ताठ मानेनं मागाकडे परतली.