द्रोणभर पाणी

रानाच्या कडेला, जिथं वाट संपते आणि करवंदीच्या जाळ्या सुरू होतात ना, तिथं सोनकीची झोपडी होती. एवढीशी पोर, आणि नशीब पाहा मेलं! बाप देवाघरी गेलेला, आई तापानं फणफणलेली, विहीर कोरडी ठाक. "पाणी... पाणी..." आईनं एकच ध्यास घेतलेला, आणि माठात थेंब नाही. सोनकी खूप रडली. पण रडून का कुठं माठ भरतो?

मडकं घेऊन ती रानात गेली. उंबराखालचा झरासुद्धा आटलेला! तिथं दगडावर एक पिटुकली परी पडली होती. निळेहिरवे नाजूक पंख, पण कडेनं सुकून चुरगळलेले.

"मी या झऱ्याची परी," ती हळूच म्हणाली. "हे घे, बाळ." पळसाच्या इवल्याशा द्रोणात चमचमणारं पाणी होतं, जेमतेम घोटभर. "यानं तहान भागेल, तापही उतरेल. पण एकाच जिवाला पुरेल, हं! वाटून प्यायलात, तर कुणाचीच तहान भागणार नाही."

मडकं तिथंच ठेवून सोनकी द्रोण जपत जपत घरी आली आणि तिनं आईला परीचं सगळं सांगितलं. आईनं द्रोण ओठांशी नेला आणि थांबली. "तू प्यायलीस का गं?"

"हो, पोटभर!"

आईनं तिच्या फुटलेल्या ओठांवरून बोट फिरवलं. "खोटारडी! घे, तूच पी."

"नाही, आई, तू!"

"बरं, जिनं दिलं ती तरी प्यायली का?"

सोनकीनं विचारलंच नव्हतं!

"देणाऱ्याला तहानलेलं ठेवून पिऊ नये, पोरी. जा, तिला नेऊन दे." आणि आईनं डोळे मिटले.

सोनकी हुंदके देत गेली. "आई मरेल गं माझी," ती म्हणाली, आणि परीच्या तोंडात तिनं शेवटचा थेंबसुद्धा सोडला. आता तिच्याकडं काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

तोच सुकलेले पंख फुलले. निळे, हिरवे, सोनेरी! "वेडाबाई, मी जगले तर झरा जगतो!" परी हसली. लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात ती विरून गेली. दगडाखालून खळखळ पाणी आलं.

सोनकी मडकं भरून धावत सुटली. "आई, ऊठ ना!" आई हलेना. सोनकीनं तिचे ओठ भिजवले, पुन्हा भिजवले. शेवटी एक घोट गळ्याखाली उतरला. कपाळाला घाम फुटला, डोळे उघडले.

आणि आईनं पहिलं काय विचारलं, ठाऊक आहे?

"तू प्यायलीस का गं?"

"अगंबाई! विसरलेच की!" म्हणत सोनकीनं मडकं तोंडाला लावलं.