मधमाशी कोण खातं?

ही गोष्ट मी सांगायला नको होती. मामाने ती सांगितली आणि वर म्हणाला, "चारचौघांत बोलू नकोस. खाण्याचा विषय निघाला की माणसं भरल्या ताटावरून उठतात." मी एरवीही चारचौघांत फारशी बोलत नाही. पण लिहू नकोस, असं काही तो म्हणाला नव्हता.

सोनवडचे राजे हैबतराव यांचं पोट बिघडलं. राजवैद्यांनी मटण बंद केलं आणि रोज सकाळी कोमट पाण्यातून मध घ्यायला सांगितला. चार दिवस राजांनी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी हुकूम निघाला, "माणूस ज्या जिवाला खातो, त्या जिवाला राज्यात कोणी खाऊ नये. खाईल त्याने गळ्यात घंटा बांधून आठवडाभर बाजारात उभं राहावं." हुकूम पोटदुखीतून निघाला होता, पण लोक राजांना दयाळू म्हणू लागले. ते राजांना इतकं आवडलं की पोट बरं झाल्यावरही हुकूम तसाच राहिला, आणि सकाळचा मधही.

एकदा राजे चावडीपुढे दयेवर बोलत होते. अर्ध्या वाक्यात एक मधमाशी त्यांच्या नाकाला चावली. भाषण तिथेच संपलं आणि नवा हुकूम निघाला, "सोमवारपर्यंत राज्यातली सगळी मोहोळं जाळा."

डोंगरउतारावर सुभाना नावाचा शेतकरी कारळं आणि काकडी पिकवायचा. घराच्या मागच्या भिंतीत त्याने सात मडकी आडवी बसवली होती आणि त्यांत सातेरी मधमाश्या राहत होत्या. एका वर्षी त्या मडकी सोडून गेल्या, तेव्हा वेल फुलांनी भरले, पण काकडी एकही धरली नाही. तो उन्हाळा घरातलं कोणी विसरलं नव्हतं. म्हणून हुकूम ऐकताच सुभाना आणि त्याची मुलगी ठकू दरबारात गेले.

"सरकार, माश्या गेल्या तर माझं शेत गेलं," सुभाना म्हणाला.

"शेती बैल करतात की माश्या?"

"नांगरतात बैल," ठकू म्हणाली. "पण फुलाफुलावर बैल नाही बसवता येत, सरकार."

दरबारातले दोघे-तिघे खोकले. राजांनी नाक चाचपलं. ते अजून सुजलेलं होतं.

"आणि सरकारांचा दयेचा हुकूम आहे ना?" ठकूने विचारलं.

"पोरी, तो नीट वाच. माणूस खातो त्या जिवांसाठी आहे तो. शेळी खातात, कोंबडी खातात. मधमाशी कोण खातं?"

"कोणी खात असेल तर?"

"तर तिलाही दया लागू. सोमवारी सकाळपर्यंत मधमाशी खाणारा एक तरी माणूस दाखव. नाही दाखवलास, तर पहिली तुझी सात मडकी फुटतील."

"तो माणूस मोठा असला तर?"

"कितीही मोठा असू दे. घंटा बांधू."

घरी जाताना सुभाना म्हणाला, "ठके, वेड लागलंय का तुला? कुठून आणणार असा माणूस?"

"आणायचा नाही, बा. नुसता दाखवायचाय."

सोमवारी ठकू आली ती एकटी आणि रिकाम्या हातांनी.

"कुठे आहे तुझा माणूस?" राजांनी विचारलं.

"दाखवते. आधी सरकारांचा मध होऊ दे. तो कसा काढतात, तेवढं इथेच पाहू द्या."

राजांना यात काही वावगं दिसलं नाही. आचारी नारोपंत रानातून आलेलं अख्खं पोळं घेऊन आले. त्यांनी ते फडक्यात बांधलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. वाटीत गढूळ, फेसाळ मध उतरला.

"पंत, या मधाची बरणी आठ दिवसांत फसफसते ना?" ठकूने विचारलं.

"फसफसतेच. जोरदार मध आहे तो," नारोपंत अभिमानाने म्हणाले.

राजांनी मध पाण्यात ढवळून दोन घोट घेतले. तेवढ्यात ठकूने फडकं उलगडून त्यांच्यापुढे ठेवलं. मेणाच्या चोथ्यात तांदळासारख्या पांढऱ्या अळ्या होत्या. काही अख्ख्या होत्या, बऱ्याचशा नव्हत्या.

"हे काय?"

"मधमाश्यांची लेकरं, सरकार. त्यांचा रस वाटीत गेला, म्हणून मध गढूळ, आणि म्हणूनच तो फसफसतो."

राजांचा हात थांबला. "पंत, रोज असाच काढता?"

"सहा महिने झाले, सरकार. वैद्यबुवांनी मध द्या म्हणून सांगितलं. पोळ्यात कोण राहतं ते नाही सांगितलं."

दरबारात कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. राजवैद्य तर छताकडे पाहत होते. राजांनी हळूच पेला खाली ठेवला.

"म्हणजे पोरी, तो माणूस..."

"सरकार, नाव मी घेऊ, की आधी घंटा मागवायची?"

राजांना जे हसू फुटलं, ते थांबेना. पोट धरून हसता हसता त्यांनी विचारलं, "आणि न पिळता निघतो मध?"

"निघतो. पोळ्याच्या वरच्या भागात मध असतो, खाली लेकरं. वरचा तेवढा कापायचा आणि चाळणीवर ठेवून वाट पाहायची."

मोहोळं जाळायचा हुकूम तिथल्या तिथे फाडला गेला. मधमाश्यांना दया लागू झाली. घंटेचं कलम मात्र राजांनी स्वतःच्या हाताने खोडलं. दयेचा हुकूम कागदावर तसाच राहिला, फक्त तो मोडल्यावर काय करायचं ते आता कुठेच लिहिलेलं नव्हतं. ठकूला डोंगरउतारावरचा सगळा माळ कारळं पेरायला इनाम मिळाला, आणि नारोपंतांना महिनाभर तिच्या अंगणात चाळणीपाशी बसून राहण्याची आज्ञा झाली.

त्या दिवशी सोनवडात कोणाच्या चुलीवर काय शिजलं, तेही मामाने सांगितलं आहे. राजवाड्यात म्हणे सगळ्यात आधी... थांबा, आई हाक मारते आहे. पानं वाढली आहेत, आणि आज आमच्याकडे मटण आहे.